घासलेला रोलर आणि पॉलिश पेपरची काटकसर

टेबलावर ठेवायच्या रंधा मशीनमध्ये, म्हणजे थिकनेस प्लेनरमध्ये, फिरत्या पात्यांच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन रबरी रोलर असतात. पुढचा रोलर फळी आत घेतो, मागचा बाहेर काढतो; दोघांना एकच चेन फिरवते, त्यामुळे दोघांचे फेरे सारखे असतात. मोटर, कटर ब्लॉक आणि उंचीचे स्क्रू यांच्या शेजारी हे रोलर अगदीच साधे दिसतात. बहुधा म्हणूनच त्यांच्याविषयी सुतारकामाच्या कारखान्यांत एक समजूत पक्की बसली आहे. फळी अडायला लागली की रोलरवर पॉलिश पेपर फिरवावा, तेवढ्याने भागले नाही तर स्प्रिंग ताणावी, तरीही अडली तर मागून हाताने रेटा द्यावा. रोलर बदलणे म्हणजे सर्व्हिसवाल्याने गळ्यात मारलेला खर्च, असे या समजुतीचे म्हणणे. ती काटकसर म्हणून सांगितली जाते, आणि हिशेब मांडला की तोट्यात निघते.

तिच्या मुळाशी रोलरच्या कामाविषयीचाच गैरसमज आहे. रोलरने फळी पुढे सरकवायची, एवढेच त्याचे काम धरले जाते. पण कटर ब्लॉक फळीच्या चालीच्या उलट दिशेने फिरतो. प्रत्येक पाते फळीला मागे, म्हणजे माणसाच्या दिशेने ढकलते आणि लाकडातून बाहेर पडताना वर उचलू पाहते. या दोन्ही झटक्यांविरुद्ध फळी बेडवर दाबून धरणे हे रोलरचे काम पहिले, आणि सरकवणे त्यानंतरचे. हे नव्याने लागलेले ज्ञान नाही. अमेरिकेत विल्यम वुडवर्थ यांना १८२८ मध्ये रंधा यंत्राचे पेटंट मिळाले. त्याची मुदत दोनदा वाढवून घेतली गेली, ते १८५६ पर्यंत टिकले आणि त्यावरून कोर्टकज्जे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्या पेटंटचा गाभा नुसती फिरती पाती एवढाच नव्हता. फिरत्या पात्यांनी फळी वर ओढली जाऊ नये म्हणून तिला दाबून धरणारे रोलर, हा जोड त्यात महत्त्वाचा होता. दाबाचा हा मुद्दा वकिलांनाही कळला होता. पॉलिश पेपरच्या पक्षाने मात्र तो हिशेबात धरलेला नाही.

दाब येतो कुठून, हे पाहिले की बाकीचा वाद बराचसा सुटतो. दोन्ही रोलर स्प्रिंगवर बसलेले असतात आणि मोकळे असताना पात्यांच्या सर्वांत खालच्या बिंदूपेक्षा किंचित खाली लोंबतात. फळी आली की ती त्यांना वर उचलते आणि स्प्रिंग दबते. समजण्यापुरते हे लोंबणे १ मिलिमीटर आणि कटही १ मिलिमीटर धरला, तर पुढचा रोलर २ मिलिमीटर उचलला जातो, कारण त्याच्याखाली न तासलेली, जाड फळी असते. मागच्या रोलरखाली तासून झालेली फळी येते. तो फक्त १ मिलिमीटर उचलला जातो. आता दोन्ही रोलरचे रबर त्रिज्येत अर्धा मिलिमीटर झिजले असे धरावे. पुढच्याची उचल दीड मिलिमीटर उरते, मागच्याची अर्धा. स्प्रिंगला आधीचा ताण असल्यामुळे दाब त्याच प्रमाणात घटत नाही, हे खरे. पण झीज आणखी अर्ध्या मिलिमीटरने वाढली की मागचा रोलर आपल्या थांब्यावर टेकून राहतो, फळीला त्याचा स्पर्श होतो न होतो, आणि दाब हळूहळू कमी न होता जवळजवळ एकदम नाहीसा होतो. पुढचा रोलर मात्र तेवढ्याच झिजेनंतरही काम करत असतो.

म्हणूनच घासलेल्या रोलरची तक्रार बहुतेक वेळा एका ठरावीक रूपात येते: फळी आत व्यवस्थित जाते, मधला भाग छान निघतो आणि शेवटचे वीतभर लाकूड अडते. पुढच्या रोलरने फळी सोडली की उरलेला भाग एकट्या मागच्या रोलरच्या ओढीवर बाहेर यायचा असतो. तिथेच टोकाला खळगाही खोल पडतो, कारण फळीचे शेपूट धरून ठेवायला दुसरे कोणी नसते. हे लक्षण दिसत असताना कारागीर पॉलिश पेपर फिरवतो तो हाताला सोप्या, समोरून दिसणाऱ्या पुढच्या रोलरवर.

समजुतीतला खरा अंश मान्य केलाच पाहिजे. अडणारी प्रत्येक फळी रोलरचा मृत्यू जाहीर करत नसते, आणि पहिल्याच घसरणीला नवे रोलर मागवायला लावणारा दुकानदारही तितकाच चुकीचा. पाती बोथट झाली की तीच फळी ओढायला कितीतरी जास्त जोर लागतो. सागात सिलिका असते, ती पात्यांची धार लवकर खाते. बेडवर राळ आणि चीक साचला की घर्षण वाढते. पावसाळ्यातले ओलसर लाकूड फुगून जड होते. एका वेळी नको तितका कट घेतला जातो. सागाच्या तेलकटपणाचे तर विशेष आहे. या लाकडात रबरासारखाच एक पदार्थ नैसर्गिकपणे असतो. त्याच्या राळेचा आणि बारीक भुशाचा थर रोलरवर बसला की रबर काचेसारखे चकाकते आणि घसरते. हा थर काढला की कित्येक रोलर पूर्ववत चालतात. तेव्हा साफसफाई आधी, हे बरोबरच.

पण साफसफाईही नेमक्या गोष्टीने करावी लागते. कारखान्यात हाताशी असतो एनसी थिनर, टर्पेंटाइन नाहीतर रॉकेल, आणि बोळा त्यातच बुडवला जातो. थिनर आणि ॲसिटोन पॉलियुरेथेनला खातात. रॉकेल आणि टर्पेंटाइनने नैसर्गिक रबर फुगते, मऊ पडते. रोलर दोन दिवस छान चिकटतो, म्हणून उपाय लागू पडला असे वाटते, आणि मग त्याचा वरचा थर सुटू लागतो. साबणाचे कोमट पाणी पुरते. चिवट राळेसाठी लाखेच्या पॉलिशला वापरतात ते स्पिरिट फडक्यावर घेऊन पुसावे. बेडला मेण घासावे. साधे मेणबत्तीचे चालते. सिलिकॉनचा स्प्रे नको, कारण तो फळीवर उतरतो आणि पुढे पॉलिश डाग धरते.

सफाईनंतर खरा निवाडा घड्याळ करते. यासाठी घरोघरच्या अंदाजांची गरज नाही. माकिता कंपनीचे २०१२एनबी हे भारतातल्या लहान कारखान्यांत दिसणारे मॉडेल घेतले, तर त्याची फीडची गती मिनिटाला ८.५ मीटर आहे. म्हणजे १ मीटर लांबीला सुमारे ७ सेकंद लागायला हवेत. फळीवर १ मीटरच्या अंतराने दोन खुणा करून, पाती नुकतीच लावलेली असताना, हलक्या कटावर ती सोडावी. ७ सेकंदांऐवजी ९ किंवा १० लागत असतील तर जवळपास चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त गती घसरणीत जाते आहे. फळी अडलेली असताना रोलरही थांबला असेल तर दोष चेनचा, चाकाच्या खिळीचा किंवा गिअरचा. रोलर निर्दोष आहे. तिसरीही एक शक्यता असते आणि ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: दांडा फिरतो, पण त्यावरचे रबर सुटलेले असल्यामुळे रबर जागेवर राहते. प्लग काढून दांड्याच्या टोकावर आणि रबराच्या कडेवर एका सरळ रेषेत खडूची खूण करावी, एक फळी चालवावी आणि पुन्हा प्लग काढून पाहावे. खुणा सरकल्या असतील तर त्या रोलरवर कितीही पेपर घासला तरी उपयोग शून्य.

आता पॉलिश पेपरविषयी. त्याचे समर्थक सांगतात की वरचा कडक थर निघाला की आतले ताजे रबर उघडे पडते. नव्या, नुसत्याच चकाकलेल्या रोलरबाबत यात तथ्य आहे. जुन्या रोलरचे म्हातारपण मात्र वरच्या थरापुरते नसते. हवेतला ऑक्सिजन आणि यंत्राची उष्णता रबराला खोलवर कडक करतात. कार्बन ब्रशच्या मोटरमध्ये ठिणग्या पडतात त्यातून थोडा ओझोनही तयार होतो, आणि ओझोन रबराला बारीक भेगा पाडतो. पॉलियुरेथेनचे म्हातारपण वेगळे. त्याच्या एका जातीला, पॉलिएस्टर प्रकाराला, दमट हवा सोसत नाही. पाण्याची वाफ त्याचे रेणूच तोडते. कोकण-गोव्यातल्या शेडमध्ये काही पावसाळे काढलेला असा रोलर आधी चिकट होतो आणि मग बोटाने खरवडला तरी त्याचे तुकडे निघतात. त्याच्यावर पेपर घासणे म्हणजे उरलेसुरले काढून टाकणे. परीक्षा सोपी आहे: अंगठ्याचे नख जोराने रोवावे. रबर दबून पुन्हा वर आले तर त्यात जीव आहे. नख घसरले तर ते कडक झाले आहे. नखाची खूण तशीच राहिली किंवा कण सुटले तर रबर कुजले आहे. शेवटच्या दोन्ही प्रकारांत पेपरने मिळणारी पकड काही फळ्यांपुरतीच.

रबर आतपर्यंत जिवंत असले तरीही हाताने घासण्यात भूमितीचा प्रश्न उरतोच. वर पाहिलेले लोंबणे मुळात लहान असते आणि या छोट्या यंत्रांत ते वाढवायची सोय बहुधा नसते. झिजलेल्या रोलरचा व्यास पुन्हा घासून कमी करणे म्हणजे कमी पडलेल्या गोष्टीतून आणखी काढून घेणे. शिवाय रोलर मध्येच जास्त झिजलेला असतो, कारण अरुंद फळ्या सवयीने बेडच्या मधोमध घातल्या जातात. कागद मात्र उंच भागावरही घासतो आणि खोलगट भागावरही, त्यामुळे खळगा तसाच राहतो. एका बाजूला हात जास्त चालला तर रोलर निमुळता होतो आणि फळी तिरकी चालू लागते, बाजूच्या पत्र्याला जाऊन भिडते, तिथे अडते. आधी नसलेला दोष उपायानेच आणला.

गतीचाही हिशेब आहे, आणि तो विरोधकांना सवलत देऊन मांडता येतो. ३० मिलिमीटर व्यासाचा रोलर घासून २९ झाला तर फीड सव्वातीन टक्क्यांनी मंदावते. एवढ्याने काहीच बिघडत नाही. पण पुढचा २९ आणि मागचा ३० राहिला, तर चेन दोघांना सारखेच फेरे देते आणि १ मीटर फळीमागे दोघांच्या चालीत सुमारे ३३ मिलिमीटरचा फरक पडतो. फळी तर एकच आहे. म्हणजे दोघांपैकी एकाने सतत घसरत राहणे अटळ, आणि जो घसरतो तोच आणखी वेगाने झिजतो. ‘एकच बदला, दुसरा अजून चालतोय’ हा सल्लाही याच हिशेबाने पडतो. नवा आणि जुना एका चेनवर बांधले की नव्याचे आयुष्य जुन्याशी ओढाताण करण्यात जाते. रोलर जोडीनेच बदलतात.

घसरणीचे परिणाम फळीवर कसे उमटतात, तेही आकड्यांत दिसते. याच मॉडेलचा ब्लॉक मिनिटाला ८,५०० फेरे घेतो आणि त्यावर २ पाती असतात; मिनिटाला १७,००० काप. मिनिटाला ८.५ मीटर गतीने भागले की प्रत्येक अर्ध्या मिलिमीटरला एक काप पडतो, म्हणजे पाते खरोखर लाकूड कापते. फळी अर्ध्या गतीने चालली तर प्रत्येक कापाला पाव मिलिमीटर लाकूड मिळते. थोडी मंद फीड वाईट नसते. चांगल्या सफाईसाठी काही यंत्रांत मुद्दाम दोन गती दिलेल्या असतात. डिवॉल्टच्या डीडब्ल्यू७३५ मध्ये इंचाला ९६ आणि १७९ काप अशी निवड आहे. पण तिथे गती गिअरने ठरवलेली आणि एकसारखी असते. घसरणारी फळी झटक्या-झटक्याने चालते. ती १ सेकंद जागेवर थांबली तर त्याच ठिकाणी सुमारे २८० काप पडतात, पाते कापायचे सोडून घासते, लाकूड काळे पडते आणि धार उतरते. उतरलेल्या धारेने ओढीचा जोर वाढतो, जोर वाढला की रोलर आणखी घसरतो. या चक्रात पात्यांवर जो खर्च होतो तो कोणी रोलरच्या खात्यावर लिहीत नाही, म्हणून पॉलिश पेपर स्वस्त वाटतो. लाकडाचाही खर्च धरावा. करपलेला डाग काढायला २५ मिलिमीटर फळीतून १ मिलिमीटर जास्तीचे तासले तर चार टक्के लाकूड भुशात गेले, आणि ते बल्लारशाच्या डेपोतले साग असेल तर त्या चार टक्क्यांची किंमत सुताराला सांगायला नको.

स्प्रिंग ताणण्याचा सल्ला वरवर जास्त शास्त्रीय वाटतो, कारण त्यात दाबाची जाणीव आहे. पण फळीवर वरून जेवढा दाब वाढतो तेवढाच ती खालच्या बेडवरही दाबली जाते. रोलर फळीला ओढतो, बेड तिला रोखतो. दोघांचेही बल दाबाच्या प्रमाणात वाढते. उपयोगी ओढ म्हणजे या दोन घर्षणांतला फरक, आणि त्यातून पात्यांचा विरोध वजा करायचा. मऊ रबर आणि मेण लावलेला बेड यांत हा फरक मोठा असतो, म्हणून बेताचा दाबही पुरतो. रबर कडक झाले की फरकच आटतो, आणि आटलेल्या फरकाला मोठ्या दाबाने गुणले तरी हाती फारसे लागत नाही. मोटरवरचा भार, बुशांची झीज आणि आंबा किंवा पाइनसारख्या मऊ लाकडावरचे वळ मात्र नक्की वाढतात. त्यात डावी आणि उजवी स्प्रिंग हाताने सारखी ताणली जात नाही. फळी तिरकी चालण्याचे हे दुसरे कारण.

रोलरवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवणे किंवा खरखरीत टेप गुंडाळणे या युक्त्यांवर फार शब्द खर्च करायला नकोत. जोडाच्या ठिकाणी उंचवटा येतो, तो प्रत्येक फेऱ्याला फळी हापटतो आणि तासलेल्या पृष्ठावर ठरावीक अंतराने आडव्या लाटा उमटतात. गरम झालेला गोंद सरकतो. सुटलेले टोक काही इंचांवर मिनिटाला ८,५०० फेऱ्यांनी फिरणाऱ्या पात्यांत गेले तर काय होईल, याचा विचार गुंडाळण्यापूर्वीच करायला हवा. काही जण लेथवर लोखंडी रोलर दातेरी करून बसवायला सांगतात. मोठ्या ओतीव यंत्रांत पुढचा रोलर दातेरी लोखंडाचा असतो खरा, पण तिथे कट खोल असतो आणि दातांचे ठसे त्यात तासले जातात. छोट्या यंत्रात अर्ध्या मिलिमीटरच्या शेवटच्या हातात ते ठसे फळीवरच राहतात. आणि मागच्या रोलरचे तर कायमच, कारण त्याच्यानंतर तासणारे काही नाही.

मागून हाताने रेटा देण्याविषयी मात्र सौम्यपणे लिहिणे चूक ठरेल. पाती फळीला माणसाच्या दिशेने ढकलत असतात. मोठ्या यंत्रांत फळी मागे येऊ नये म्हणून पुढे लोंबत्या लोखंडी बोटांची रांग असते. टेबलावरच्या यंत्रांत ती बऱ्याचदा नसते. तिथे फळी आणि माणूस यांच्यामध्ये जे धरून ठेवणारे आहे ते हेच दोन रोलर. पकड गेलेल्या रोलरखालची फळी पोटाने किंवा तळव्याने रेटणारा माणूस नेमका तिच्या रेषेत उभा असतो. आखूड तुकडा असेल तर बोटेही आत ओढली जाण्याइतकी जवळ असतात. रोलर ‘अजून चालतोय’ असे म्हणताना प्रत्यक्षात तो कारागिराच्या मनगटाने चाललेला असतो.

उरतो खर्चाचा आणि सुटे भाग मिळण्याचा मुद्दा. ‘एवढ्यात नवे मशीन येईल’ हे वाक्य तपासून पाहावे. या यंत्रात झिजणाऱ्या गोष्टी मोजक्या: पाती, कार्बन ब्रश, पट्टा, चेन, बुश आणि रोलर. बेड, खांब, ओतीव सांगाडा वर्षानुवर्षे टिकतो. उंचीच्या स्क्रूंचे आटे संपले असतील, ब्लॉकची बेअरिंग किणकिणत असेल आणि मोटर धूर सोडत असेल, तर रोलरवर पैसे घालू नयेत. तिथे यंत्र बदला म्हणणारा बरोबर आहे. बाकी सारे ठीक असताना केवळ दोन रबरी दांड्यांपायी यंत्र भंगारात देणे हा उधळेपणा झाला. प्रचलित मॉडेलचे रोलर भाग क्रमांक सांगून मागवता येतात. जुन्या मॉडेलचे मिळत नसतील तर जुनेच दांडे पुन्हा मढवून घेता येतात. हे काम करणारे कारागीर छापखाने, कापडाचे माग आणि पॅकिंगची यंत्रे यांच्या आसपासच्या औद्योगिक वसाहतींत असतात. जुने रबर उतरवून दांडा खरखरीत करतात, गोंद लावून कच्च्या रबराची पट्टी गुंडाळतात, वाफेच्या दाबाखाली शिजवतात आणि शेवटी ग्राइंडरवर हव्या त्या व्यासाला आणतात. त्यांना तीन गोष्टी नेमक्या सांगाव्या लागतात: मूळ व्यास, रबराची लांबी आणि कडकपणा. कडकपणा शोअर ए मापात सांगतात. मोटारीच्या टायरचे रबर साधारण ६० ते ७० च्या आसपास असते. व्यास घासलेल्या रोलरवरून मोजू नये. कडेला, जिथे फळी कधी लागत नाही, तिथे मूळ माप बहुधा शिल्लक असते. ग्राइंडिंग दांड्याच्या ज्या भागावर बुश बसतो त्याच भागाच्या आधाराने व्हावे, नाहीतर नवा रोलरही लंगडत फिरतो. भातगिरणीवाला कोंडा काढणारे रबरी रोल झिजले की विनातक्रार बदलतो. तांदळाची कणी वाढली की तोटा किती, हे त्याला रोज पोत्यावर दिसते.

प्रत्यक्ष बदलण्याचे काम अवघड नाही, क्रमाने करावे लागते इतकेच. प्लग काढून तो समोर दिसेल असा ठेवावा, आणि पहिल्यांदा पाती उतरवावीत. रोलर काढताना हात ब्लॉकच्या अगदी शेजारून जातात आणि बंद यंत्राचे पातेही बोट कापते. यंत्राचे डोके, म्हणजे ब्लॉक आणि रोलर ज्यात बसतात तो वरचा भाग, सोयीच्या उंचीवर आणून त्याच्याखाली लाकडी ठोकळा द्यावा. बाजूचे झाकण काढल्यावर चेन, चाके आणि पट्टा जसे आहेत तसे फोटोत टिपून घ्यावेत. चेन उतरवताना ती कुठल्या चाकावरून कुठे जाते हे आठवेल, असा भरवसा धरू नये. चाकाचा नट हलत नसेल तर पान्याला पाइप लावण्यापूर्वी आटे उलटे नाहीत ना, ते पाहावे. सर्क्लिप काढताना त्यावर फडके धरावे. स्प्रिंग आणि बुश डावे-उजवे वेगळ्या डब्यांत ठेवावेत; स्प्रिंगची लांबी मोजून दोन्ही सारख्या नसतील, किंवा पूर्वी कोणी ताणल्या असतील, तर त्याही नव्या घालाव्यात.

रोलर बाहेर आला की बुशांकडे पाहणे हा या कामाचा निम्मा फायदा आहे, आणि पेपर घासणाऱ्याला तो कधीच मिळत नाही. बुशाचे भोक लंबगोल झाले असेल तर नवा रोलरही वर-खाली थरथरत राहील. दांड्याला खाच पडली असेल तर ती हाताला लागते. आतला भुसा ब्रशने आणि हवेने काढावा, बुशाला एखाद-दुसरा थेंब मशीन तेल पुरे. ते ओघळून रबरावर गेले तर रबर फुगते. चेन फार ताणू नये. जोडणी झाल्यावर पट्टा हाताने फिरवून दोन्ही रोलर अडथळ्याशिवाय फिरतात का ते पाहावे. सारख्या उंचीचे दोन सागवानी ठोकळे बेडवर डाव्या-उजव्या टोकाला ठेवून डोके हळूहळू खाली आणावे. रोलर दोन्ही ठोकळ्यांना एकाच वेळी टेकला पाहिजे. नंतरच पाती बसवावीत.

पहिल्या चाचणीला एकाच जाडीच्या दोन अरुंद पट्ट्या बेडच्या दोन कडांनी एकामागून एक सोडाव्यात आणि कॅलिपरने मोजाव्यात. फरक आला तर तो सहसा पात्यांच्या किंवा बेडच्या बैठकीचा असतो. रोलरला दोष देण्याची घाई नको. मग पुन्हा १ मीटरची खूण आणि घड्याळ. ७ सेकंदांच्या जवळपास वेळ आली, शेवटचे वीतभर लाकूड हात न लावता बाहेर आले, तर जोडणी बरोबर आहे.

‘नवे रोलरही झिजणारच’ हा शेवटचा आक्षेप खरा आहे, पण किती दिवसांत झिजणार हे बऱ्याच अंशी वापरणाऱ्यावर अवलंबून असते. फळ्या फक्त मधोमध न घालता बेडच्या सगळ्या रुंदीवर वाटून घातल्या, माती आणि खिळे लागलेले लाकूड आधी ब्रशने साफ केले, साग किंवा फणस तासून झाल्यावर त्याच संध्याकाळी रोलर पुसले, तर झीज सावकाश आणि सारखी होते. काम संपल्यावर रोलरखाली फळी अडकवून ठेवू नये. टेम्पोतून यंत्र नेताना डोके हलू नये म्हणून खाली ठोकळा दाबून बसवण्याची पद्धत आहे. तो ठोकळा ब्लॉकच्या खोक्याखाली यावा, रोलरखाली नको. दाबलेल्या जागी रबर सपाट होते आणि तो सपाट पट्टा प्रत्येक फेऱ्याला फळीला एक झटका देत राहतो.